पेटीत मावणारे दुकान

आपल्या समाजाचे कॅलेंडर भिंतीवरच्या कॅलेंडरापेक्षा थोडे निराळे आहे. १ जानेवारीला भीमा कोरेगाव. १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचे प्रवेशद्वार, जिथे १९९४ साली नामविस्तार झाला. २० मार्चला महाड, १४ एप्रिलला प्रत्येक शहर, प्रत्येक वस्ती. मे महिन्यात बुद्ध पौर्णिमा. ऑक्टोबरात अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी आणि त्याला लागूनच चंद्रपूर. ६ डिसेंबरला दादर, आणि २५ डिसेंबरला पुन्हा महाड. या ठिकाणी लाखो माणसे अभिवादनाला जातात हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या गर्दीच्या कडेला आणखी एक वर्ग असतो. पुस्तके, मूर्ती, तसबिरी, निळे झेंडे, पंचशील ध्वज, बिल्ले, दिनदर्शिका, भीमगीतांचे पेन ड्राइव्ह मांडून बसलेली ही माणसे वर्षातून सात-आठ वेळा आपले दुकान उभे करतात आणि सात-आठ वेळा मोडतात. अलीकडे त्यांच्यात महिला बचत गटांची भर पडली आहे. मसाले, पापड, चटण्या, ज्यूटच्या पिशव्या घेऊन आपल्या भगिनी मुंबईच्या महालक्ष्मी सरसपर्यंत, पुण्याच्या भीमथडी जत्रेपर्यंत आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील प्रदर्शनांपर्यंत पोहोचल्या आहेत.

माल कसा करावा, कर्ज कसे घ्यावे, यावर आपल्याकडे शिबिरे होतात. मालाखालचे टेबल, त्यामागची फळी, वरचा फलक, म्हणजे ज्याला प्रदर्शनाच्या धंद्यात ‘डिस्प्ले’ म्हणतात, त्यावर मात्र कोणी बोलत नाही. ते ‘तिथे गेल्यावर बघू’ या खात्यात जाते. आणि तिथे गेल्यावर मांडववाला जो दर सांगेल तो द्यावा लागतो, कारण समोर गर्दी वाढत असते आणि माल पोत्यांत पडलेला असतो.

ज्याला वर्षातून एकदाच कुठेतरी बसायचे आहे त्याने खुशाल भाड्याने घ्यावे. पण जो पुन्हा पुन्हा बसतो त्याने स्वतःचे सुट्या भागांचे, जोडायचे आणि सोडायचे दुकान करून घ्यावे, असे माझे मत आहे. मत हिशेबावर आधारलेले आहे. तो हिशेब पुढे देतोच.

सुट्या भागांची ही कल्पना काही नवी नाही. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगभरच्या मालाचे मोठे प्रदर्शन भरले. त्यासाठी जोसेफ पॅक्स्टन याने बांधलेले ‘क्रिस्टल पॅलेस’ हे भवनच मुळी एकसारख्या मापाच्या लोखंडी खांबांचे, तुळ्यांचे आणि काचांचे होते. सुमारे तीन लाख काचा, सगळ्या ठराविक मापाच्या. कारखान्यात भाग तयार करायचे आणि जागेवर आणून जोडायचे. प्रदर्शन संपल्यावर ती इमारत सोडून सिडनहॅम येथे नेली आणि १८५४ साली आणखी मोठी करून पुन्हा उभी केली. १९३६ साली आगीत ती जळाली. एवढे मोठे घर जर खोलून दुसरीकडे नेता येते, तर आपले नऊ फुटांचे दुकान का नाही?

आज मोठ्या प्रदर्शनांत आपण जे पांढऱ्या फळ्यांचे एकसारखे गाळे पाहतो, ती पद्धत जर्मनीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली. आपल्याकडचे कंत्राटदार तिला ‘ऑक्टोनॉर्म’ म्हणतात. तिची सारी करामत खांबात आहे. ॲल्युमिनियमचा खांब अष्टकोनी असतो आणि त्याच्या आठही बाजूंना उभ्या खाचा असतात. त्या खाचेत आडवी पट्टी अडकवायची, आतले कुलूप षट्कोनी चावीने आवळायचे आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये फळी सरकवायची. खिळा नाही, स्क्रू नाही. आठ दिशांना खाचा असल्यामुळे गाळा सरळ, काटकोनात किंवा तिरका कसाही वळवता येतो. एका फळीची रुंदी साधारण एक मीटर, उंची अडीच मीटर. म्हणून तीन मीटर बाय तीन मीटर, म्हणजे नऊ चौरस मीटरचा गाळा हे सर्वसाधारण माप होऊन बसले. मागे तीन फळ्या, डाव्या बाजूस तीन, उजव्या बाजूस तीन आणि समोर मोकळे. वर नावाची पट्टी, आत एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि एक प्लग.

असा गाळा मिळाला की आपले लोक पहिली गोष्ट कोणती करतात? हातोडा काढतात. आमच्या वस्तीतील एका बचत गटाच्या ताईंनी एका प्रदर्शनात हेच केले. फळीला खिळे ठोकून दोरी बांधली आणि तिच्यावर पिशव्या टांगल्या. शेवटच्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसाने फळ्या तपासल्या आणि अनामत रकमेतून पैसे कापून घेतले. नियम अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला होता. माल विकून आलेली शिल्लक त्या चार खिळ्यांत गेली. त्या फळ्यांना छिद्र पाडायचे नसते. वरच्या आडव्या पट्टीला इंग्रजी ‘एस’ आकाराचे हूक अडकवावेत, त्यांना बारीक साखळी लावावी आणि साखळीवर टांगावे. हलका कागदी फलक असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी चालते. मात्र निघताना ती नखाने हळूहळू काढून फळी पुसून द्यावी. डझनभर हूक आणि चार साखळ्या एवढेच सामान या कामासाठी जवळ असले तरी पुरते.

मोजपट्टी कोणाची? रेल्वेची

आपले स्वतःचे दुकान बनवताना पहिला प्रश्न दिसायला कसे असावे हा नाही. नेणार कसे, हा आहे. आपल्यापैकी बहुतेक जण टेम्पो करून जात नाहीत. रेल्वेने किंवा एस. टी. ने जातात. रेल्वेच्या नियमाप्रमाणे डब्यात सोबत नेण्याच्या पेटीचे बाहेरून माप १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि २५ जाड एवढे चालते. स्लीपर वर्गात माणशी ४० किलो आणि दुसऱ्या वर्गात ३५ किलो सामान मोफत नेता येते. त्यापुढचे सामान नोंदवावे लागते. म्हणून दुकानाचा कोणताही भाग तीन फुटांपेक्षा लांब असता कामा नये, हा माझ्या मते पहिला आणि पक्का नियम. तीन फूट म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर, पेटीत बरोबर मावते. सुतार किंवा वेल्डिंगवाला म्हणेल, ‘भाऊ, सहा फुटांचा अखंड खांब घ्या, मजबूत होईल.’ त्याचे म्हणणे खोटे नाही. पण सहा फुटांचा खांब घेऊन कल्याणला गाडी बदलायची त्याला नसते, आपल्याला असते.

साहित्य म्हणाल तर महागड्या ॲल्युमिनियमच्या मागे लागण्याचे कारण नाही. किराणा दुकानात, रेशनच्या गोदामात, आमच्या कचेरीच्या अभिलेख कक्षात जो छिद्रांचा लोखंडी अँगल दिसतो, तो स्लॉटेड अँगल आपल्या कामाला उत्तम. लोखंडाच्या बाजारात तो सर्वत्र मिळतो आणि हव्या त्या मापाला कापून मिळतो. तीन फुटांचे तुकडे करून घ्यावेत. दोन तुकडे एकावर एक येतात तिथे आतून फूटभर अँगलचा जोड देऊन प्रत्येक बाजूला दोन-दोन बोल्ट लावले की सहा फुटांचा खांब उभा राहतो. असे चार खांब आणि तीन फूट बाय एक फूट मापाच्या चार पत्र्याच्या फळ्या मिळून एक मांडणी झाली. कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या लावायला विसरू नये. त्या नसतील तर मांडणी डुलते, आणि पुस्तकांचा भार आला की एका बाजूला कलते.

अशा एका मांडणीचे वजन सुमारे १८ किलो भरते. तीन मांडण्यांचे ५४ किलो. दोन माणसांच्या ८० किलोंत ते बसते आणि वर २६ किलो फलक, कापड, दिवे यांना उरतात. माल अर्थात वेगळा. पुस्तकांचे एक खोके २०-२५ किलोंचे सहज होते. तो माल आधी पार्सलने पाठवावा. ६ डिसेंबरच्या आधीच्या दोन दिवसांत तर विदर्भ-मराठवाड्याकडून येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत लोखंड घेऊन चढण्याचा विचारही करू नये. मुंबईत नातेवाईक असतील तर दुकानाचा संच आठवडाभर आधी त्यांच्याकडे पोहोचता करावा.

तीनच मांडण्या का? कारण तीन मांडण्यांत जागेप्रमाणे वळण्याची सोय आहे. नऊ फुटांची सरळ रांग होते. दोन मागे आणि एक बाजूला लावली की काटकोन होतो आणि कोपऱ्यावरचा, दोन बाजूंनी उघडा गाळा मिळाला तर तो साधतो. एक मागे आणि दोन दोन्ही बाजूंना लावल्या की गिऱ्हाईक आत येऊन उभे राहू शकते. आणि जिथे सहा फुटांचीच जागा मिळाली, तिथे एक मांडणी बांधलेलीच राहू द्यावी.

इथे जागेचा स्वभाव ओळखावा लागतो. सरसमध्ये किंवा जिल्हा प्रदर्शनात लोक फिरत-फिरत येतात, हातात वस्तू घेतात, वास घेतात, भाव करतात. तिथे तोंडावर टेबल आडवे टाकून त्यामागे खुर्ची घेऊन बसणे म्हणजे दारात उभे राहून ‘येऊ नका’ म्हणण्यासारखे आहे. टेबल बाजूला घ्यावे, तोंड मोकळे ठेवावे. दादरला किंवा दीक्षाभूमीवर याच्या उलट. तिथे माणसांचा लोंढा असतो, मागची रांग पुढच्या रांगेला रेटते. तिथे समोर भक्कम टेबल हवेच, नाहीतर मांडणीसकट दुकान अंगावर येईल. पुस्तके झोपवून न ठेवता मुखपृष्ठ समोर दिसेल अशी उभी करावीत. आठ तास रांगेत उभी राहिलेली आजी वाकून कणा वाचणार नाही. तिला बाबासाहेबांचा चेहरा आणि किंमत दिसली पाहिजे. किंमत मोठ्या अक्षरांत लिहावी. पुष्कळ लोक किंमत विचारायला संकोचतात आणि पुढे जातात. हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

पाऊस, वारा आणि आग

२०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळामुळे मुंबईत अवेळी पाऊस झाला, तोही नेमका ६ डिसेंबरच्या तोंडावर. शिवाजी पार्कात चिखल झाला आणि अनुयायांना महापालिकेच्या शाळांत आसरा घ्यावा लागला. जमिनीवर चादर अंथरून पुस्तके मांडणाऱ्यांची अशा वेळी काय गत होते हे सांगायला नको. पुस्तक एकदा भिजले की ते रद्दीच. आणि रद्दीच्या भावात प्रकाशकाची उधारी फिटत नाही. म्हणून सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान एक फूट वर असावी. स्लॉटेड अँगलमध्ये फळी हव्या त्या छिद्रावर चढवता येते, हा त्याचा मोठा फायदा. पोती आणि खोकीसुद्धा मातीवर न ठेवता दोन विटा आणि एक फळी घालून ठेवावीत. ताडपत्री मापापेक्षा दोन हात मोठी घ्यावी, म्हणजे समोरून वळचणीसारखी सोडता येते. नागपूरला ऑक्टोबरात परतीचा पाऊस गाठतोच, तेव्हा हे फक्त मुंबईपुरते नाही.

वाऱ्याचे पाहू. हल्ली गुंडाळून ठेवता येणारा, खालच्या डबीतून वर ओढायचा स्टँडी सगळीकडे मिळतो. बंद सभागृहात तो छान, मैदानात निरुपयोगी. एका झुळुकीत तो शेजाऱ्याच्या मूर्तींवर जाऊन पडतो आणि मग फुटलेल्या मूर्तींचे पैसे द्यायचे की नाही यावरून दोन भावांत वाद. मैदानात कापडी फलक मांडणीच्या मागे चारही कोपऱ्यांना बांधावा आणि मांडणीच्या पायावर वजन ठेवावे. वजन घरून न्यायचे नाही. रिकाम्या कापडी पिशव्या न्याव्यात आणि तिथली माती भरून त्या पायावर टाकाव्यात.

फलकाबाबत एक सूचना. त्यावर तारीख, ठिकाण, ‘६१ वा’ किंवा ‘६५ वा’ असे काही छापू नये. पुढच्या वर्षी तो फेकावा लागतो. दुकानाचे किंवा गटाचे नाव एका पट्टीवर कायमचे, आणि मधला भाग वेगळ्या कापडाचा, काढघाल करता येईल असा. दादरला पुस्तकांचा, सरसला मसाल्यांचा. जोडायला शिवणकामातली चिकटपट्टी, तीच ‘चर्रर्र’ आवाज करणारी, पुरते. थर्माकोलची कमान आणि अक्षरे आता सोडूनच द्यावीत. सजावटीचे थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्राने तर थर्माकोलवर २०१८ सालीच बंदी आणली होती. बंदी नसती तरी मी थर्माकोल घेऊ नका असेच म्हटले असते. एक तर ते प्रवासात मोडते, दुसरे म्हणजे दिव्याजवळ झटकन पेट घेते.

दिवे एलईडीचेच असावेत. जुन्या हॅलोजनने कापड तापते. वायर तीन तारांची, अखंड, जोड नसलेली घ्यावी आणि ती टेबलावरच्या कापडाखालून कधीही नेऊ नये. मैदानातल्या जनरेटरवर चाळीस दुकाने लटकलेली असतात, त्यात आपली एक ठिणगी कोणाकोणाला घेऊन जाईल ते सांगता येत नाही.

आता हिशेब

वाणिज्य शाखेच्या माणसाला हिशेबाशिवाय लेख पुरा झाल्यासारखा वाटत नाही, त्याला इलाज नाही. पुढील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. आपण आपल्या गावचे दर घालून पाहावेत, पद्धत तीच राहील.

समजा, एका ठिकाणी टेबले, खुर्च्या, पाल आणि दिवा यांचे मांडववाल्याचे भाडे २,५०० रुपये होते. स्वतःचा संच करायला १८,००० रुपये लागले. तो पाच वर्षे चालेल आणि शेवटी भंगारात ३,००० रुपये येतील. म्हणजे पाच वर्षांत १५,००० रुपये झिजले, दरवर्षी ३,०००. यालाच हिशेबाच्या भाषेत घसारा म्हणतात. दुरुस्ती, रंग, नवे बोल्ट यांचे वर्षाला १,५०० धरू. हे ४,५०० रुपये तुम्ही एकदा बसा की दहादा बसा, होणारच. त्याशिवाय प्रत्येक ठिकाणी संच नेण्या-आणण्याची हमाली व जादा भाडे ६०० रुपये.

वर्षातून दोनच ठिकाणी गेलात तर मांडववाल्याचे ५,००० होतात आणि स्वतःच्या संचाचे ४,५०० अधिक १,२०० म्हणजे ५,७००. इथे भाड्यानेच घेणे शहाणपणाचे. तीन ठिकाणी गेलात तर ७,५०० विरुद्ध ६,३००. इथून संच परवडू लागतो. आणि आठ ठिकाणी गेलात तर मांडववाल्याचे २०,००० आणि आपले ९,३००. वर्षाला १०,७०० रुपये वाचले. मुलीच्या कॉलेजची फी किंवा पावसाळ्याआधीचे पत्रे यात निघतात.

पण थांबा. १८,००० रुपये आणले कुठून, हे यात आलेले नाही. घरचे असतील तर वरचा हिशेब बरोबर. बचत गटातून शेकडा २ रुपये महिना व्याजाने घेतले आणि वर्षभर मुद्दल तसेच राहिले, तर पहिल्या वर्षाचे व्याज ४,३२० रुपये होते. मग तीन नव्हे, तर पाच ठिकाणी गेल्याशिवाय त्या वर्षी संच परवडत नाही. दर महिन्याला मुद्दल फेडत गेलात तर व्याज कमी लागेल. खाजगी फायनान्सवाल्याकडून तर या कामासाठी कर्ज काढूच नये. त्याचा आठवड्याचा हप्ता प्रदर्शनाच्या तारखा पाहत नाही. जानेवारी ते एप्रिल आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा आपला हंगाम. मधल्या पावसाळ्यात हप्ता कुठून भरणार? त्यापेक्षा या वर्षी एकच मांडणी करावी, उरलेले भाड्याने घ्यावे, पुढच्या वर्षी दुसरी जोडावी. सुट्या भागांच्या दुकानाचा खरा फायदा हाच की ते एकदम विकत घ्यावे लागत नाही.

आणखी एक खर्च कोणी मोजत नाही, तो माणसाचा. संच असा असावा की घरातली बाई आणि तिची दहावीतली मुलगी मिळून तासाभरात उभा करू शकतील. त्यासाठी सगळे बोल्ट एकाच मापाचे घ्यावेत, म्हणजे एकच पाना लागतो. तो पाना सुतळीने पेटीला बांधून ठेवावा, नाहीतर पहिल्याच प्रदर्शनात हरवतो. प्रत्येक भागावर ऑइल पेंटने आकडा घालावा. पहिली मांडणी निळी, दुसरी पांढरी, तिसरी पिवळी. निळा निळ्याला जोडायचा, एवढे समजले की झाले. बोल्ट दहा टक्के जास्त न्यावेत. आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची यादी चिकटवावी. आमच्या कचेरीत जडसंग्रह नोंदवही नावाचा एक ग्रंथ असतो, त्यात मोडक्या खुर्चीचीही नोंद असते आणि ती खुर्ची दहा वर्षे कोणी बाहेर काढत नाही. तितके करू नका, पण निघताना यादीवर बोट ठेवून मोजणी जरूर करा. घरी मुलांसमोर एकदा अंगणात किंवा गच्चीवर संच जोडून पाहिला तर मैदानावर धांदल होत नाही.

जागेच्या भाड्याची बाजू

संच झाला तरी मोठ्या व्यापारी प्रदर्शनातल्या जागेचे भाडे हा खर्च उरतोच. सरससारख्या शासकीय प्रदर्शनांत बचत गटांना जागा ग्रामीण विकास यंत्रणेमार्फत मिळते, त्यासाठी आपल्या तालुक्यातील ‘उमेद’ अभियानाच्या कक्षात किंवा माविमच्या कार्यालयात गटाचे नाव वेळेवर नोंदवलेले असावे लागते. ज्यांचा स्वतःचा लहान उद्योग आहे त्यांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती १ जुलै २०२० पासून सुरू झालेली असून पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कोणी पाचशे-हजार मागत असेल तर देऊ नयेत. केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या विपणन साहाय्य योजनांत प्रदर्शनातील जागेच्या भाड्यासाठी अनुसूचित जाती-जमातीच्या आणि महिला उद्योजकांना इतरांपेक्षा अधिक साहाय्य दिले जाते. याच मंत्रालयाने २०१६ साली राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब सुरू केला आहे. त्याचे काम राष्ट्रीय लघु उद्योग महामंडळ पाहते. अटी आणि रकमेच्या मर्यादा बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या महामंडळाच्या कार्यालयात जाऊन त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे.

काही जणांच्या मनात अजूनही शंका असते की आपण बौद्ध, मग अनुसूचित जातीची सवलत मिळेल का? १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींना केंद्राच्या सवलती खुल्या केल्या. दाखला मात्र केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा दाखला घेऊन गेलेली मुले खिडकीवरून परत येताना मी पाहिली आहेत. सरकारी खरेदीतही २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी आपल्या खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून करावी असे ठरलेले आहे. पण खरेदी अधिकाऱ्याला आपला माल दिसणार कुठे? प्रदर्शनातच. २००५ साली पुण्यात स्थापन झालेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या संस्थेने २०११ च्या डिसेंबरात मुंबईत दलित उद्योजकांचे प्रदर्शन भरवले, त्यामागे हाच विचार होता. मोठ्या खरेदीदाराने आधी आपल्याला पाहावे.

एक संच, अनेक गट

शेवटी वस्तीपातळीवर करता येण्यासारखी एक गोष्ट. एका गटाला वर्षातून दोन-तीनच प्रदर्शने मिळतात, म्हणजे वरच्या हिशेबाने संच जेमतेम परवडतो. पण एका वस्तीत चार गट असतात, एखादे पुस्तक विक्री केंद्र असते, एखादी ताई गोधड्या करते. सर्वांनी मिळून एक संच केला तर तो वर्षातून दहा-बारा वेळा सहज बाहेर पडतो. बुद्धविहारात तो ठेवायला जागा असते. नेणाऱ्याने दर वेळी ३०० रुपये भरावेत. दहा वेळा गेला तर ३,००० रुपये जमतात, म्हणजे नेमका वर्षाचा घसारा, आणि पाच वर्षांनी नवा संच घ्यायला पैसा तयार असतो.

भांडण होते ते ६ डिसेंबर आणि विजयादशमीला, कारण त्या तारखांना संच सर्वांनाच हवा असतो. ते आधीच मिटवावे. चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि ज्याला या वर्षी मिळाला त्याचे नाव पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्यांत घालू नये. मोडतोड झाली तर ती ज्याच्या हातून झाली त्याने भरून द्यावी, आणि कोणाच्या हातून झाली हे ठरवण्यासाठी नेताना आणि आणताना दोन माणसांसमोर यादी मोजावी, सही घ्यावी. वहीची किंमत चाळीस रुपये.

परत आल्यावर ताडपत्री आणि कापडी फलक उन्हात पूर्ण वाळवूनच घडी करावेत. ओले गुंडाळले तर आठ दिवसांत काळे डाग पडतात, ते धुऊन जात नाहीत. बोल्ट एका डब्यात थोडे खोबरेल किंवा मशीनचे तेल टाकून ठेवावेत. फळ्यांना दर पावसाळ्याआधी रंगाचा एक हात द्यावा, आणि पेटी माळ्यावर टाकण्याऐवजी विटांवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी.